हिवराला टांगलेला सदरा

भाड्याने खोली देणारे लोक पहिल्याच दिवशी नियम ऐकवतात. दार नऊला बंद, पाहुणे नकोत, मोरीत केस पडायला नकोत. मी या सगळ्याची तयारी करूनच गेले होते. वय तेवीस, अकोल्याच्या घरातून पहिल्यांदाच बाहेर, आणि नोकरी टपाल खात्याची. किन्हीराजाच्या पुढे एसटीतून उतरून बरंच चालावं लागे अशा एका गावात मी शाखा पोस्टमास्तर झाले होते. पद ऐकायला भारदस्त. कार्यालय म्हणजे एक टेबल, एक शिक्का आणि एक वजनकाटा. नोकरी करणाऱ्याने गावातच राहायचं असा नियम होता, आणि गावात एकट्या मुलीला खोली द्यायला तयार झालेली बाई एकच होती.

त्या बाईंनी मला खोली दाखवली, कुलूप दाखवलं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

"एक तुमच्याकडे राहू द्या ना, मावशी," मी म्हणाले. "माझी हरवली तर?"

"खोली कोनाची?"

"तुमची."

"भाड्यानं कोनं घेतली?"

"मी."

"मंग मी कायले किल्ली ठेवू? तुया खोलीत तू काईबी कर. नाच, झोप, भिंतीशी बोल. मले इचारू नको, आन मीबी तुले इचारनार नाई."

आमच्या घरात माझ्या ओढणीचा रंगसुद्धा चार जणांच्या संमतीने ठरत असे. मी त्या दोन किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या आणि मनातल्या मनात मावशींच्या पाया पडले. पुढे तीन वर्षं मी त्या घरात राहिले. मावशींबद्दल तेव्हा वाटलेलं नवल आजही उतरलेलं नाही.

मावशी पन्नाशीच्या, काटक, उंच. नेसायच्या साधं सुती पातळ आणि त्यावर घालायच्या नवऱ्याचा सदरा. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मागे त्याचे पाच सदरे राहिले, सगळे एकाच ठाणातले, फिक्या निळ्या रंगाचे, दोन खिशांचे. मावशी एक विटेपर्यंत वापरायच्या, मग दुसरा काढायच्या. मी गेले तेव्हा चौथा चालू होता. एका खिशात सुपारी, दुसऱ्यात सुतळीचा गुंडा. डोक्यावर पदर घेऊन, बाह्या कोपरापर्यंत दुमडून त्या वावराकडे निघाल्या की पारावरची म्हातारी मंडळी मान दुसरीकडे वळवायची.

या सदऱ्यावरून एकदा पारावर बोलावून त्यांची चौकशी झाली होती, माझ्या येण्याच्या कितीतरी आधी. बाईमाणसाने गड्याचा सदरा घालावा का, हा प्रश्न. मावशी गेल्या, तोच सदरा घालून गेल्या, आणि म्हणाल्या, "नवरा माहा, सदरा माहा, आंग माहं. यात तुमचं काय हाये थे सांगा. असन तं आत्ताच काढून देईन." मंडळी एकेक करून पारावरून उठली. बोलणार काय? ही गोष्ट मला गावातल्या निदान दहा जणांनी सांगितली, आणि सांगताना प्रत्येकाने, मावशींना नावं ठेवणाऱ्यांनीसुद्धा, आवाज अगदी त्यांच्यासारखा काढला.

गावात घराबाहेर पाऊल टाकलं की प्रश्न येतो, "कुठी चालली वं?" बसथांब्यापर्यंत जाताना मी त्याला सात वेळा उत्तर द्यायची. मावशींनी तीन वर्षांत एकदाही तो प्रश्न विचारला नाही. मी रविवारी मेडशीला मैत्रिणीकडे जायची. दुसऱ्या दिवशी यायची. त्या अंगणात तूर पाखडत असायच्या. मान वर करून हसायच्या आणि पुन्हा पाखडायला लागायच्या. त्यांच्या चहात साखर नसे. डबा शेजारी ठेवलेला असे. भाजीत मीठ त्या स्वतःपुरतं, तेही ताटात घेत. "दुसऱ्याच्या जिभीवर माहा काय हक?" असं म्हणायच्या. अळणी वांगं चावताना या हक्काचा मला थोडा कंटाळा येई, पण तक्रार करायची सोय नव्हती. मीठ समोरच होतं.

त्यांच्या या वागण्यावर मी एकदाच मनापासून चिडले. मार्चमध्ये मी कामासाठी वाशीमला गेले होते, खिडकी उघडी ठेवून. दुपारी गारांसकट अवकाळी पाऊस झाला. परत येऊन पाहते तर गादी, पुस्तकं, आईने दिलेली गोधडी, सगळं चिंब. खिडकी अंगणात उघडणारी. बाहेरून नुसती ढकलली असती तरी लागली असती.

"मावशी, तुम्ही घरी नव्हता का?"

"होती ना. पाहून राह्यली होती."

"मग खिडकी लावली का नाही?"

"तू उघडी ठेवलती. तुले हवा पायजे असन, नाईतं पाऊस पायजे असन. मले काय माहीत?"

"गादीला कोणाला पाऊस पाहिजे असतो, मावशी?"

त्या उठून आत गेल्या. मग आपली गादी आणून माझ्या दाराशी ठेवली आणि स्वतः सतरंजीवर झोपल्या. उंबरा मात्र ओलांडला नाही. मी त्या गादीवर पडून विचार करत राहिले की या बाईंना शहाणं म्हणावं की काय म्हणावं. कोणी आपल्याला अडवत नाही म्हणून मी त्यांच्याकडे रमले होते. आणि कोणीच काही केलं नाही म्हणून भिजले होते.

आता मुख्य गोष्ट. मावशींच्या एकरभर वावरात कांद्याचं बी होई. आमच्या भागात ते पुष्कळ जण करतात. निवडक कांदे पावसाळा संपल्यावर जमिनीत लावायचे. हिवाळा सरता सरता त्यांना उंच दांडे येतात आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूएवढा गोंडा. त्या गोंड्यांवर मधमाशा बसल्या तरच आत काळं बी भरतं. माशा आल्या नाहीत तर गोंडा दिसतो तसाच, पण हातावर चोळला की नुसता भुसा. मावशींचं बी त्यांच्या नवऱ्याने सुरू केलेलं होतं. दर वर्षी एकेक कांदा हातात घेऊन, आकार, रंग, मान पाहून निवडायचा. दुभाळका, म्हणजे जोडकांदा, निघाला की बाजूला. नवरा गेल्यावर मावशींनी ते वाण तसंच चालू ठेवलं. बाहेरचं बी त्या वावरात कधी आलं नाही.

शेजारचं वावर त्यांच्या चुलतदिराचं. आईबाप लहानपणी गेलेला हा माणूस मावशींच्या नवऱ्याच्या हाताखाली वाढला. दादानेच त्याला औत धरायला शिकवलं, दादानेच त्याचं लग्न लावलं. तोही कांद्याचं बीच करायचा. मावशींशी भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. मध्ये धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, होता, आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना मावशींचं एकच वाक्य चालायचं: ज्याचं वावर त्यानं पाहावं.

मी गावात आल्याच्या दुसऱ्या वर्षी दिराच्या गोंड्यांवर बारीक किडे पडले. त्याने ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी, माशा फुलांवर असताना औषध फवारलं. आठवड्यात तीन वेळा. मी मावशींची भाकर घेऊन गेले तर धुऱ्याच्या कडेने मेलेल्या माशा पसरल्या होत्या, पाय टाकायला जागा शोधावी लागत होती. त्या वर्षी मावशींचं बी पोचट निघालं. त्याचंही निघालं. पण त्याने हवेला दोष दिला आणि पारावर जाहीर केलं की पुढच्या साली औषध आणखी जोराचं मारायचं. असं आमच्याकडे होतं; औषधाने बिघडलं की माणूस औषध वाढवतो.

"सांगा ना त्यांना, मावशी," मी म्हणाले.

"त्याचं वावर हाये."

"पण बी तुमचं मेलं!"

"हो," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

तिसऱ्या वर्षी त्यांनी घरात राहिलेले शेवटचे निवडलेले कांदे लावले. मागच्या साली नवीन बी न झाल्याने हातात तेवढंच होतं. हे पोचट गेलं की नवऱ्याचं वाण संपलं. हे मला माहीत होतं, मावशींना माहीत होतं, बहुतेक दिरालाही माहीत होतं. आणि मला आणखी एक माहीत होतं. मावशींनी जाऊन दिराला "फवारू नका" म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पारावरच्या प्रत्येकाला तोंड फुटलं असतं. तुम्ही त्याला त्याच्या वावरात सांगता, मग आम्ही तुम्हाला का सांगू नये? सदरा काढा. पोस्टवालीला काढा. त्या एका वाक्याच्या आडोशाला ही एकटी बाई बारा वर्षं आपल्या मनासारखी जगली होती. मोडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सुट्टी असल्याने, मी त्यांच्याबरोबर वावरात होते. गोंडे नुकते फुलले होते. माशांचा आवाज असा की बोलायचं तर जवळ यावं लागे. धुऱ्यापलीकडे दीर आला. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. त्याने बादलीत औषध कालवायला घेतलं.

मावशी धुऱ्यावर जाऊन बसल्या. तो कालवत होता, त्या बघत होत्या. मला वाटलं आता ओरडतील, आता हात धरतील. मी माझ्या परीने देवाचं नाव घ्यायला लागले होते. त्या मग उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक गोष्ट इचारू?"

त्याने रुमाल खाली केला. बारा वर्षांत मावशींनी कोणाला आपणहून जाऊन काही विचारल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"माह्या इकडचं तुमाले काय टोचते?"

"म्हंजे?"

"माह्या वावरातून धुरा वलांडून तुमच्याकडे काय येते? पानी, सावली, काईबी. जे तुमाले तरास देते. आजवर मी इचारलं नाई. आज इचारतो."

"काई नाई, वयनी."

"सांगा. मी रागावनार नाई."

तो खाली बादलीकडे पाहायला लागला. काठीने औषध ढवळत राहिला, ते कधीच ढवळून झालं होतं. मग म्हणाला, "सदरा."

 शेवटी हाही पारावरचाच, असं मला वाटलं.

"बाईनं घातला म्हनून?" मावशींनी शांतपणे विचारलं.

"नाई वो." त्याने काठी बादलीत सोडून दिली. "तुमी वाकून काम करता. लांबून पदर दिसत नाई, निसता सदरा दिसते. मले वाटते दादाच हाये. रोज सकायी वाटते. हाक माराले तोंड उघडतो, अन् मंग तुमी उभ्या राह्यता. बारा सालं झाली वयनी, दादा रोज मरते माह्यासाठी."

मावशींचा हात आपोआप खिशावर गेला.

"पारावरच काहून नाई बोलले? मी तं इचारलं होतं, यात कोनाचं काय हाये."

"तुमी म्हनल्या नवरा माहा, सदरा माहा. दादा माहाबी होता. पन थे बोलाले मले जागाच नाई ठेवली तुमी."

 माशा तेवढ्या चालू होत्या. मावशींच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते खाली पडलं नाही.

"आता माहं सांगतो," त्या म्हणाल्या. "तुमचा फवारा धुरा वलांडून येते. माशा मरतात. थ्या ना तुमच्या, ना माह्या. गेल्या साली तुमचं बी पोचट गेलं, थेबी हवेनं नाई, माशा मेल्या म्हनून गेलं. अन् यंदा माह्याकडे दादाचे शेवटचे कांदे हायेत. फवारा मारा का नोका मारू, थे मी सांगनार नाई. पन हे तुमाले माहीत पायजे."

"तुमीच तं म्हनता, ज्याचं वावर त्यानं पाहावं."

"म्हनत होती," मावशी म्हणाल्या. "अर्धंच म्हनत होती."

दिराने बादली उचलली, पंप उचलला आणि घराकडे निघून गेला. तो उद्या काय करणार हे आम्हा दोघींनाही कळलं नाही. पण मी त्या बाईकडे पाहत राहिले. जिने आपलं वाक्य पारासमोर कणभरही वाकवलं नव्हतं, तिने ते आज, कोणी भाग पाडलेलं नसताना, स्वतःच्या हाताने उलगडून पाहिलं होतं. एवढं धाडस मी अजून दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडण्याआधी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर वावरात गेले. मावशींच्या वावराच्या मधोमध एक हिवराचं झाड होतं. त्याच्या अलीकडचा भाग उतारावर असल्याने दिराच्या वावरातून दिसत नसे, पलीकडचा सगळा दिसे. मावशी सदरा घालूनच निघाल्या होत्या. हिवरापाशी आल्या, थांबल्या, बटणं काढली, सदरा उतरवला आणि खोडाच्या अलीकडच्या बाजूला एका खिळ्याला टांगला. तो खिळा पहाटेच येऊन ठोकलेला असावा. सुपारी आणि सुतळी कमरेला खोचली आणि नुसत्या पातळावर पुढे गेल्या. उन्हात त्यांचे दंड मला पहिल्यांदाच दिसले. कोपराखाली काळे, वर गोरे.

मला ते सहन होईना. "मावशी, सदरा तुमचा आहे. एवढं कशासाठी?"

"माहा हाये म्हनून तं काढता येते मले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं काढला असता तं येगळी गोष्ट होती."

परत येताना हिवरापाशी त्यांनी तो पुन्हा घातला, बाह्या दुमडल्या, आणि पारासमोरून नेहमीसारख्या ताठ गेल्या. ते मग रोजचंच झालं. गावाने म्हटलं, बाई हरली. मावशींनी ऐकलं आणि सोडून दिलं. सदरा कुठे घालायचा नाही ते त्यांना पावलापर्यंत मोजून माहीत होतं: हिवर ते धुरा. त्यापलीकडे, म्हणजे पारावर, बाजारात, घरात, त्यांनी कोणासाठी एक बटणही काढलं नाही. स्वातंत्र्याला मर्यादा असावी की नसावी यावर मी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते, बक्षीसही आणलं होतं. त्या भाषणात मी काय बोलले ते आता आठवत नाही. तो खिळा आठवतो.

दिराने फुलोरा संपेपर्यंत पंपाला हात लावला नाही. होळीनंतर मावशींनी एक गोंडा माझ्या तळहातावर चोळला, फुंकर मारली, आणि हातावर काळंभोर टपोरं बी राहिलं. मी रडले. मावशी म्हणाल्या, "रड, तुये डोये हायेत."

त्याच आठवड्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं. मावशी माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, उंबऱ्याबाहेर.

"पोरी, एक इचारू? तू नसली, अन् पाऊस आला, तं तुयी खिडकी लावू काय?"

मी आत गेले, दुसरी किल्ली शोधून काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात, सुपारीबरोबर टाकली.

नंतर माझी बदली झाली. आता मी वाशीमला असते, लग्न झालं, मुलगी आहे. मुलीच्या खोलीत शिरताना मी दार वाजवते. गारांचा पाऊस आला तर मात्र न विचारता खिडकी लावते, आणि ते तिला आधीच सांगून ठेवलं आहे. दिवाळीच्या सुमारास मावशी गेल्याचं कळलं. मुलगी आजारी होती, जाणं झालं नाही. शेवटी फेब्रुवारीत एकटीच गेले.

घराला कुलूप होतं. मी सरळ वावरात गेले. गोंडे फुलले होते, दोन्ही वावरांत सारखे. मावशींचं वावर आता दीरच करतो, त्यांचंच बी लावून. माशांचा आवाज लांबूनच ऐकू आला आणि मला धीर आला. हिवरापाशी पोचले तर खिळा होता. पण अलीकडच्या बाजूला नव्हता. खोडाच्या पलीकडे, दिराच्या वावराकडे तोंड करून ठोकलेला होता, आणि त्याला निळा सदरा टांगलेला होता. पाचवा. खिशाला सुपारीचा डाग होता.

दीर धुऱ्यावरून आला. केस पिकले होते. मला ओळखून हसला.

"हा इथे कोणी लावला?" मी विचारलं.

"मीच. सकायी टांगतो, सांजीले घरी नेतो."

"तुम्हाला तर पाहवत नव्हता."

"तवा एकटा दादा दिसे," तो म्हणाला. "आता दोघं दिसतात."

 मी पदराने डोळे पुसत उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे, आणि चार पावलं पुढे येऊन हात खिळ्याकडे नेला. पण काढला नाही. तसाच थांबला.

"पोस्टवाल्या बाई, तुमाले टोचते काय हा? टोचत असन तं सांगा. तुमी हायेत तोवर उतरून ठेवतो."

मी म्हणाले, "राहू द्या."